ही बसली की गाडी वाजते

वळणावर गाडीच्या पोटात ‘ठक्क’ असा आवाज झाला, तेव्हा मी आधी ‘सॉरी’ म्हणालो. कुणाला, ते सांगता येणार नाही. शेजारी बसलेल्या बायकोला म्हणालो असेन, गाडीला म्हणालो असेन, किंवा एकूणच म्हणालो असेन. ग्रंथालयात सूचिकार होतो तेव्हाही दुसऱ्या कुणाच्या धक्क्याने पुस्तक पडलं की ‘सॉरी’ मीच म्हणायचो. चूक आपलीच असणार असं धरून चाललं की पुढचा शोध बराच सोपा होतो, असा माझा आजवरचा अनुभव. या गाडीने तो खोटा ठरवला.

‘‘काय झालं?’’ ही म्हणाली.

‘‘आवाज आला.’’

‘‘गाड्या वाजतात.’’

नुसता आवाज असता तर मीही सोडून दिलं असतं. पण टेकडीचा चढ सुरू झाला की वळणावळणाला स्टिअरिंग जड व्हायचं, गाडी वळायला नाखूष असल्यासारखी अडायची, टायर रस्त्याला घासून कुरकुरायचे, आणि मग पोटातून ठक्क! रागावलेला माणूस खुर्ची मागे ढकलून उठतो ना, तसं. त्यानंतर गाडी पुढे उसळायची आणि मी पुन्हा ‘सॉरी’ म्हणायचो.

गाडी हिची. म्हणजे कागदोपत्री हिची आणि मनानेही हिचीच. ही गुरांची डॉक्टर. चारही चाकांना इंजिनाची ओढ देता येते अशी ही उंच, दणकट, पत्र्याची गाडी घेऊन ही नोकरीभर टेकडीपलीकडचे गोठे हिंडली. मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की कडेचं दिसणं कमी होत चाललंय, आता चालवू नका. ही घरी आली, चपला काढल्या, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, ‘‘उद्यापासून तुम्ही.’’ त्यानंतर तो विषय नाही.

माझ्याकडे परवाना होता, पण तो मी एखाद्या दुर्मिळ प्रतीसारखा कपाटात जपून ठेवला होता. हिने मला चालवायला शिकवलं. क्लच, ब्रेक, गिअर, सगळं न चिडता सांगितलं. आजारी जनावराशी बोलतात त्या स्वरात सांगितलं. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक आखूड दांडा होता.

‘‘आणि हा?’’

‘‘त्याला तुम्ही हात लावायचा नाही.’’

मी लावला नाही. पुढे त्याच्याकडे बघितलंही नाही. दुसऱ्याच्या घरातल्या बंद खोलीकडे आपण बघत नाही, तसं. शिवाय हिची पिशवी कायम त्याच्यावरच ठेवलेली असायची.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी आम्ही टेकडीवरच्या खिंडीपर्यंत जातो, थर्मासमधला चहा पितो आणि परत येतो. घरात आम्ही फार बोलत नाही. भांडण वगैरे नाही, दोघंही तसेच. मी पुस्तकात तोंड घालून बसणारा, आणि हिचं आयुष्य न बोलणाऱ्या पेशंटांबरोबर गेलेलं. पण गाडीत बसली की ही बोलते. दोघांची तोंडं समोर, एकमेकांकडे बघायची गरज नाही, म्हणून असेल. या वळणावर गाय अडली होती, त्या झाडाखाली बैलाच्या पोटातून काय काय निघालं होतं, त्या गोठ्यातल्या म्हातारीने फी म्हणून भोपळा दिला होता. माझी आणि माझ्या बायकोची खरी ओळख उतारवयात त्या गाडीत झाली, असं म्हटलं तरी चालेल.

म्हणून आवाजाचं मला इतकं लागलं. आवाज सुरू झाला आणि बोलणं बंद पडलं. बंद मीच पाडलं. एका खेचराची गोष्ट तर दर वेळी एकाच जागी तुटायची.

‘‘ते खेचर त्या दरडीपाशी आलं की जे उभं राहायचं...’’

ठक्क.

‘‘श्श! ऐक, ऐक!’’

‘‘काय ऐकू? मी बोलतेय ना!’’

मग ही खिडकीबाहेर बघत बसायची आणि मी आवाज ऐकत बसायचो. खेचर दरडीपाशी उभंच.

त्यात गाडीची सरकारी तपासणी जवळ आली होती. जुन्या गाड्यांना ती चुकत नाही. पास झाली तर आणखी काही वर्षं रस्त्यावर, नाहीतर भंगारात.

‘‘नापास झाली तर देऊन टाकू,’’ ही म्हणाली. ‘‘मला आता कशाला हवीय?’’

किल्ली हातात ठेवताना लागला होता तोच स्वर. तो ऐकल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या गोष्टीचा छडा लावायचं ठरवलं. मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘बाबा, आधी कान तपासून घ्या.’’ मी घेतले. कान उत्तम निघाले. मला जराशी निराशाच झाली, कारण कानात दोष सापडला असता तर काम घरातल्या घरात मिटलं असतं.

गॅरेजचा मिस्त्री हा आत्मविश्वासाने भरलेला माणूस. त्याने गाडीखाली डोकावून न बघताच सांगितलं, ‘‘काका, इंजिनाची ताकद चाकांपर्यंत जाते ना, त्या वाटेवर कुठेतरी ढिलं आहे. पुढे असेल, मागे असेल, नाहीतर मधे.’’

या तिन्हींत न बसणारी जागा मला गाडीत दिसेना, त्यामुळे त्याचं म्हणणं मान्य करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्याने मागचा लांब दांडा, म्हणजे शाफ्ट, उतरवला, सांध्यातले क्रॉस बदलले, पुन्हा चढवला. मग मला शेजारी बसवून स्वतः टेकडी चढला. गाडी एखाद्या नव्या नवरीसारखी मुकाट चालली.

‘‘बघा! गेला आवाज.’’

रविवारी ही बसली. पहिल्या वळणावर ठक्क.

मिस्त्रीने मग पुढचा शाफ्ट उतरवला. मग बेअरिंग बदललं. मग गाडीचं बूड तोलून धरणारे रबराचे ठोकळे बदलले. दर वेळी मिस्त्रीबरोबर गाडी गप्प, आणि रविवारी वाजायची. शेवटी त्याने हात पुसत माझ्याकडे असं बघितलं की मी उगीचच शर्टाची बटणं तपासली.

‘‘काका, राग मानू नका. तुम्ही क्लच सोडता की टाकता?’’

‘‘सोडतो. निदान सोडायचा प्रयत्न तरी करतो.’’

‘‘मग गाडी माझ्याबरोबर का नाही वाजत? काल तुम्ही एकटे गेलात, तेव्हा वाजली?’’

मी आठवून बघितलं. ‘‘नाही. ही बसली की वाजते.’’

मिस्त्रीचं हात पुसणं थांबलं. शेजारच्या गाडीखालून दोन पाय तेवढे बाहेर दिसत होते, तेसुद्धा हलायचे थांबले.

‘‘काका,’’ मिस्त्री हळूच म्हणाला, ‘‘त्याचा पार्ट येत नाही.’’

गाडीखालचे पाय हसू लागले. पाय हसताना मी त्यापूर्वी बघितले नव्हते.

ही गोष्ट आमच्या इमारतीत माझ्याआधी पोचली. खालच्या मजल्यावर दंतवैद्य राहतात. त्यांना जगातला कुठलाही बिघाड दाताच्या भाषेत समजतो. त्यांनी मला जिन्यातच गाठलं.

‘‘हे बघा, पेशंट ज्या दातावर बोट ठेवतो तो दात बहुधा चांगला असतो. दुखणं शेजारी असतं. वहिनी बसल्या की वाजते, याचा अर्थ काय? भार! त्या बाजूला भार आला की आतलं काहीतरी चावतं. वहिनींच्या वजनाइतकं काहीतरी तिथे ठेवा आणि चालवून बघा. मी येतो मागे बसून ऐकायला.’’

कल्पना शास्त्रीय होती. अडचण एकच होती.

‘‘अगं, तुझं वजन किती असेल?’’

ही भाजी चिरत होती. सुरी थांबली.

‘‘का?’’

‘‘गाडीसाठी हवंय.’’

‘‘गाडीने विचारलंय का?’’

मी अंदाजानेच काम करायचं ठरवलं. वाळू कुठून आणणार? घरात जड म्हणावं असं पुस्तकांखेरीज काही नाही. मी शब्दकोशाचे खंड खाली नेले, हिच्या सीटवर रचले आणि त्यांना पट्टा बांधला. किती खंड लागले ते मी कुणालाही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. वाटेत ओळखीची माणसं भेटली. ज्या गृहस्थांना मी गेली कित्येक वर्षं नुसती मान हलवून टाळत आलो, नेमके तेच त्या दिवशी गाडीपाशी थांबले, पट्टा बांधलेल्या शब्दकोशाकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘वाचायला चाललात?’’

टेकडी चढलो. अ पासून ज्ञ पर्यंतच्या शब्दांचा भार गाडीला जाणवलासुद्धा नाही. एकही ठक्क नाही.

‘‘विचित्र आहे,’’ दंतवैद्य मागून म्हणाले. ‘‘वजन तेवढंच, बाजू तीच. फरक इतकाच की वहिनी हलतात आणि पुस्तकं हलत नाहीत.’’

त्यावर मी हसलो. हसायला नको होतं.

खंड परत वर आणताना ही दारात उभी होती.

‘‘वाजली?’’

‘‘नाही.’’

‘‘मिस्त्री बसला तर वाजत नाही. दातांचे डॉक्टर बसले तर वाजत नाही. पुस्तकं बसली तरी वाजत नाही.’’ हिने माझ्या हातातला वरचा खंड घेतला आणि पदराने त्यावरची धूळ पुसली. ‘‘मग मीच उतरते ना. प्रश्न मिटला.’’

मला वाटलं, चिडून बोलली असेल. पण रविवारी थर्मास भरून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, ‘‘तुम्ही जाऊन या.’’ मी नको नको म्हणत राहिलो आणि शेवटी गेलो, कारण नाही म्हणत राहण्याची कला मला अवगत नाही. गाडी इतकी सुरेख चालली की मला तिचा संताप आला. खिंडीत एकट्याने चहा ओतला. झाकणातला माझा, कपातला हिचा, अशी वाटणी असते. त्या दिवशी कप तसाच राहिला. गाडी पास होऊन ही तिच्यात बसणार नसेल तर त्या पास होण्याचं मी काय करू, असा साधा प्रश्न मला तिथे पहिल्यांदा पडला.

तपासणीच्या दिवशी मात्र हिला यावंच लागलं, कारण मालक हजर पाहिजे असा नियम होता. खिडकीतल्या कारकुनाने कागद बघितले, मान लांब करून गाडी बघितली.

‘‘रंग हिरवा लिहिलाय. ही तर राखाडी आहे.’’

‘‘हिरवीच आहे,’’ मी म्हणालो. ‘‘म्हणजे होती. उन्हाने जरा...’’

‘‘रंग बदलला असेल तर आधी तो अर्ज. तो मंजूर झाला की मग इकडे या.’’

मी परत फिरलोच होतो. खिडकीतून कुणी काही म्हणालं की मी परत फिरतो. पण हिने बाटलीतलं राहिलेलं पाणी रुमालावर ओतलं, बॉनेटवर गोल गोल फिरवलं आणि हाक मारली, ‘‘अहो साहेब, इकडे या जरा! ओली असताना बघा.’’

कारकून बाहेर आला. ओल्या गोलात पत्रा शेवाळासारखा हिरवागार दिसत होता. तो सुकायच्या आत त्याने शिक्का मारला.

तपासनीस साहेब मुलीच्या वयाचे होते. ‘‘गाडी मी चालवणार. मालक पुढे बसतील,’’ ते म्हणाले. ‘‘आजोबा, तुम्ही मागे.’’

आजोबा! नातवंडं मला आहेत, पण ती फोनवर. तरीही मी मागे बसलो. छत्री सोबत होती. आभाळ स्वच्छ असताना छत्री जवळ बाळगणारा माणूस मी आहे, याची आमच्या घरात थट्टा होते. हिने तिथल्या नियमाप्रमाणे पिशवी मांडीवर घेतली, आणि ही गाडीत असताना तो आखूड दांडा कित्येक महिन्यांनी माझ्यासमोर उघडा पडला.

आवारात एक गोल रस्ता होता आणि त्याला मधेच चढ दिला होता. कोरडा, खरखरीत, सिमेंटचा. साहेबांनी गाडी चढाला लावली. समोरचा रस्ता सांभाळायची जबाबदारी त्या दिवशी माझ्यावर नव्हती, म्हणून मला प्रथमच इकडेतिकडे बघता येत होतं. आणि मी बघितलं. चढ लागल्याबरोबर हिचा हात मांडीवरून उठला, त्या आखूड दांड्यावर गेला, सफाईने तो पुढे सरकवला आणि परत येऊन पिशवीवर स्थिर झाला. ही मात्र समोर बघत होती. घरातून निघताना आपण दिवा मालवतो आणि पुढे जिन्यात मालवला की नाही ते आठवत नाही, तसा तो हात होता.

वळण आलं. स्टिअरिंग अडलं. टायर कुरकुरले. ठक्क!

‘‘हे काय?’’ साहेब म्हणाले.

माझ्या डोक्यात सगळं एकदम लख्ख झालं. तो दांडा पुढे केला की चारही चाकं एकमेकांना जखडली जातात. वळताना पुढच्या चाकांना जास्त जायचं असतं, मागच्यांना कमी. चिखलात ती घसरून आपापसात जमवून घेतात. कोरड्या रस्त्यावर घसरायला जागा नाही, मग आतल्या दांड्यांमध्ये पीळ भरत जातो आणि तो सुटला की ठक्क. मिस्त्रीने बदललेला एकूणएक भाग बिचारा निर्दोष होता.

पण डोक्यात लख्ख होणं निराळं आणि तोंडातून शब्द निघणं निराळं. परक्या माणसासमोर ‘अगं, तुझा हात’ असं मी कसं म्हणणार होतो? मी छत्री उलटी धरली, तिची वाकडी मूठ दोन सीटांच्या मधून हळूच पुढे सारली आणि दांड्याला अडकवून ओढली. दांडा हलेना. पीळ बसलेला असताना तो सुटत नाही, हे मला मागाहून कळलं. मी आणखी जोर लावला.

‘‘आजोबा, काय चाललंय?’’

‘‘छत्री... जरा अडकली.’’

‘‘अहो, छत्री कुठे चाललीय तुमची?’’ ही म्हणाली.

साहेबांनी वैतागून गाडी उलटी घेतली. मागे जाताच पीळ उलगडला, दांडा खटकन सुटला, मी सीटवर उताणा पडलो आणि पडता पडता बटण दाबलं जाऊन छत्री गाडीतच उघडली. मग साहेबांनी आरशात, म्हणजे छत्रीत, बघून विचारलं, ‘‘झालं?’’

‘‘सॉरी,’’ मी म्हणालो. इतक्या महिन्यांत प्रथमच ते योग्य जागी पडलं.

पुन्हा फेरी झाली. या वेळी हिचे दोन्ही हात पिशवीवर घट्ट होते. गाडी हूं की चूं न करता चढली, वळली, उतरली.

‘‘मघाचा आवाज छत्रीचा होता का?’’

‘‘छत्रीमुळे गेला,’’ मी म्हणालो. हे अक्षरशः खरं होतं, त्यामुळे मला ते म्हणता आलं.

गाडी पास झाली. परत येताना हिने दोन्ही हात पिशवीवरच ठेवले.

पुढचे दिवस मी फार विचार केला. मला काही सुचलं की मी आधी विचार करतो, त्यात ते सुचलेलं बहुधा संपून जातं. आता कोडं पूर्ण उलगडलं होतं. टेकडीच्या पायथ्याशी एक जुनी पाण्याची टाकी आहे. हिच्या नोकरीच्या काळात डांबर तिथे संपायचं आणि चिखल सुरू व्हायचा. तिथे ही चारही चाकं जोडायची, परत येताना तिथेच सोडायची. पुढे, आमचे रविवार सुरू झाल्यावर, रस्ता खिंडीपर्यंत पक्का झाला. डोळ्यांना ते माहीत होतं. हाताला कुणी सांगितलं नव्हतं. हाताच्या लेखी टाकीपुढे अजून चिखलच होता.

सांगायचं कसं? आधी डोळे गेले, म्हणजे कडेचे. आता ‘तुझा हात तुझ्या नकळत फिरतो’ असं सांगितलं तर ही काय काय गेलं त्याची कशी मोजणी करेल, ते मला कळत होतं. लहानसहान गोष्टी विसरल्या की ही अलीकडे एकदम गप्प होते. मी एक शहाणपणा केला. पुढच्या दोन्ही चाकांवर, प्रत्येकाच्या मध्यभागी, हाताने फिरवायचे खटके असतात. ते सोडून ठेवले की आतला दांडा कितीही पुढेमागे करा, पुढची चाकं आपली मोकळीच राहतात. हिच्या काळापासून ते कायम जोडलेले होते. ही आंघोळीला गेलेली असताना मी खाली जाऊन दोन्ही खटके फिरवले. गाडीला मी स्वतःच्या हाताने केलेलं हे पहिलं काम. वर आलो तेव्हा बोटांना ग्रीस होतं आणि मला फार चांगला माणूस असल्यासारखं वाटत होतं.

‘‘चल ना,’’ रविवारी मी म्हणालो. ‘‘पास झालीय आता.’’

ही आली. टाकी मागे पडली, पिशवीखाली काहीतरी सरकल्याची चाहूल लागली, मी नजर समोर ठेवली. वळण आलं आणि गेलं. आवाज नाही.

‘‘त्या खेचराचं पुढे काय झालं गं?’’

‘‘सांगेन,’’ ही म्हणाली. पण ही नेहमीसारखी टेकून बसली नव्हती. जरा पुढे वाकून, जनावराच्या छातीला कान लावावा तशी बसली होती.

खिंडीत चहा झाल्यावर ही म्हणाली, ‘‘आज पुढे जाऊ. त्या शेवटच्या गोठ्यापर्यंत.’’

‘‘पुढे कच्चा रस्ता आहे.’’

‘‘म्हणूनच.’’

थोडं उतरलो. एका झऱ्याचं पाणी रस्त्यावरून वाहत होतं. गाडी त्यात शिरली, मागची चाकं गरगरली आणि जागच्या जागी खड्डा करून खाली बसली. मी आणखी रेस केली, ती आणखी बसली.

‘‘थांबा,’’ ही म्हणाली. ‘‘उतरा, आणि पुढच्या चाकांचे खटके जिथे होते तिथे फिरवा.’’

मी स्टिअरिंग धरून तसाच बसलो.

‘‘तुला कळलं?’’

‘‘खिंडीखालच्या वळणावरच कळलं. ओढ कळते हो मला. पुढची चाकं आज नुसती सोबत आलीत.’’

‘‘आणि... तो दांडा?’’

‘‘तुमची छत्री त्याला अडकलेली दिसली तेव्हा कळलं. त्याआधी नाही.’’ हिने आपला हात उलटा करून बघितला, एखाद्याच्या घरून चुकून आलेली वस्तू बघावी तसा. ‘‘त्या दिवसापासून वाट बघतेय, की हे सांगतील. आज पुन्हा ढकलला. मुद्दाम. म्हटलं, आता तरी सांगतील.’’

‘‘तुला वाईट वाटलं असतं.’’

‘‘वाटलंच. पण ते माझं मी बघून घेतलं असतं. तुम्ही काय केलंत? दांडा माझ्या हातात ठेवलात आणि पलीकडची चाकं काढून घेतलीत. लहान मुलाला बंद पडलेला फोन खेळायला देतात, तसं.’’

मी उतरलो. चिखल घोट्यापर्यंत होता. तो थंडगार होता. एक खटका फिरवला, गाडीला वळसा घालून दुसरा फिरवला. खिडकीतून हिचं तोंड दिसत होतं. कडेचं न दिसणाऱ्या माणसाला बाजूला बघताना मान वळवावी लागते. ही पूर्ण वळून माझ्याकडे बघत होती.

‘‘सॉरी,’’ मी म्हणालो. या वेळी कुणाला म्हणतोय ते मला नक्की माहीत होतं.

‘‘चपला झटका आणि बसा. मी सांगेन तेव्हा क्लच सोडा. टाकू नका.’’

हिने पिशवी उचलून मागे टाकली, दांडा मागे घेऊन सगळ्या जगाला दिसेल असा पुन्हा पुढे ढकलला आणि म्हणाली, ‘‘आता.’’ गाडीने चारही पायांवर जोर घेतला आणि चिखलातून उठली.

परतीच्या वाटेवर पक्का रस्ता लागला. मी घसा साफ केला. ज्या माणसाने आयुष्यात कुणाची चूक त्याच्या तोंडावर दाखवलेली नाही, त्याला तीन शब्द फार लांब वाटतात.

‘‘अगं, तुझा दांडा.’’

‘‘हो की,’’ ही म्हणाली आणि तो मागे ओढला. आभाळ कोसळलं नाही.

वळण आलं, तसं मी म्हणालो, ‘‘खेचर दरडीपाशी उभं राहायचं.’’

‘‘हां. एकदा तिथे दरड कोसळताना त्याने बघितली होती. पुढे रस्ता दुरुस्त झाला, भिंत बांधली, सगळं झालं. तरी हे तिथे आलं की उभं. मालक माझ्याकडे घेऊन आला. म्हणाला, बाई, औषध द्या.’’

‘‘तू काय दिलंस?’’

‘‘काय देणार? खेचराला काही झालंच नव्हतं. मालकाने ओढून बघितलं, मारून बघितलं, डोळ्यांवर फडकं बांधून बघितलं.’’ डोळ्यांवर फडकं म्हणताना हिने तिरकं माझ्याकडे बघितलं, म्हणजे जेवढं हिला बघता येतं तेवढं.

‘‘मग?’’

‘‘मग तोही तिथे थांबायला लागला. खेचर उभं राहिलं की हा कठड्यावर टेकायचा, विडी ओढायचा. विडी संपली की दोघं उठून पुढे जायचे. पुढे कितीतरी वर्षं गेले तसे.’’

मधे दंतवैद्यांनी जिन्यात गाठून विचारलं, ‘‘मग दोष कशात निघाला शेवटी?’’ मी प्रामाणिकपणे सांगितलं, ‘‘रस्त्यात. पूर्वी तिथे चिखल होता.’’ त्यांनी माझ्याकडे काळजीने बघितलं, आणि त्यानंतर ते मला जिन्यात आधी वाट देतात.

आता रविवारी पायथ्याची टाकी आली की मी गाडी कडेला घेतो. मी विडी ओढत नाही, म्हणून चहाची एक फेरी खिंडीऐवजी तिथेच होते. हिचा हात दांड्यावर जातो, तिथे थांबतो.

‘‘नको ना?’’ ही विचारते.

‘‘नको. पक्का आहे खिंडीपर्यंत.’’

‘‘बरं.’’

हात लगेच निघत नाही. कप संपेपर्यंत तिथेच असतो. मग मी क्लच सोडतो. बहुतेक वेळा टाकतो.